मधल्यामध्ये गेलेले घोडे

डेपोतले झाडून सगळे ड्रायव्हर त्यांना घोडेमास्तर म्हणत. त्यांनी जन्मात कधी घोड्याला हात लावलेला नव्हता, आणि मास्तर म्हणावं असं त्यांच्यात काही असेल तर ते एवढंच, की समजावून सांगायला लागले की समोरचा उठून गेल्याशिवाय थांबत नसत. त्यांचं काम ट्रकची ताकद मोजायचं. डेपोच्या मागे एक लांब शेड होती, तिच्या जमिनीत दोन जाडजूड लोखंडी रोलर बसवलेले होते. ट्रकची मागची चाकं त्या रोलरवर चढवायची, ट्रक पट्ट्यांनी जमिनीला बांधायचा आणि जागच्या जागी पळवायचा. चाकं रोलर फिरवत, रोलर मशीनला सांगत, मशीन पडद्यावर आकडा दाखवी आणि तो आकडा मास्तर वहीत लिहीत. एवढ्याशा कामावर त्यांनी बत्तीस ड्रायव्हरांशी वाकडं घेतलं होतं.

वाकडं यायचं ते असं. गाडी कारखान्यातून येते तेव्हा तिच्या कागदावर इंजिनची ताकद लिहिलेली असते, दोनशे तीस घोडे. ड्रायव्हर तो आकडा स्वतःच्या मुलाचे मार्क सांगावेत तसा सांगत फिरतो. मग ती गाडी मास्तरांच्या रोलरवर चढते आणि पडद्यावर येतात एकशे पंच्याऐंशी. ड्रायव्हरचं तोंड उतरतं. तो विचारतो, "मग बाकीचे पंचेचाळीस कुठे गेले?" मास्तर ह्याच प्रश्नाची वाट बघत असत.

"बसा," ते म्हणत. "समजा, घराच्या मागे हौद आहे आणि पुढे एक झाड आहे. तुम्ही हौदातून बादली भरून मुलाकडे दिली. त्याने थोडं सांडलं. त्याने बहिणीकडे दिली, तिने पाय धुतले. तिने आजोबांकडे दिली, त्यांचा हात थरथरतो. झाडाला किती मिळालं? हौदावर किती भरलं ते झाडाला विचारू नका. इंजिन कमावतं, गिअरबॉक्स खातो, शाफ्टचे सांधे खातात, मागचा अ‍ॅक्सल खातो, टायर खातात. रस्त्याला मिळतं ते चाकावरचं. घोडं कुठे पेंड खातं, ते हे मशीन सांगतं!"

तोवर ड्रायव्हर निघून गेलेला असे. उरलेलं मास्तर रोलरला सांगत.

बरं, आकडा तरी माणसाने जरा इकडचा तिकडे करावा! ते नाव नको. एकशे ब्याऐंशी पूर्णांक सात म्हणजे सातच, आठ नाही. "मोजलं नाही ते बोलायचं नाही, आणि मोजलं ते गिळायचं नाही," हे त्यांचं ब्रीद. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाचे वडील, जे ह्याच डेपोत ट्रक चालवत, चहाचा कप हातात धरून खुशीत म्हणाले, "माझी गाडी दोनशे तीस घोड्यांची आहे." सगळ्यांनी मान डोलावली. मास्तर म्हणाले, "चाकावर किती?" डोलणाऱ्या माना थांबल्या. सोयरीक मोडता मोडता राहिली ती मुलाला मुलगी आधीच आवडली होती म्हणून.

मास्तरांचा आणखी एक गुण होता, तो म्हणजे घट्टपणा. पैशांचा नव्हे, हाताचा. घरातला नळ त्यांनी बंद केला की उघडायला शेजारी बोलवावा लागे. बरणीचं झाकण त्यांनी लावलं की आतला जिन्नस पुढच्या पिढीला मिळायचा. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीने आईला पहिला फोन केला तेव्हा सासू कशी आहे, नवरा कसा आहे हे सगळं नंतर; पहिलं वाक्य होतं, "आई, इथली झाकणं उघडतात!"

ह्या घट्टपणाला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी एक पट्टा आतून कुजला होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भर वेगात तो तुटला, ट्रक रोलरवरून उतरला, समोरची भिंत फोडून कॅन्टीनमध्ये शिरला आणि मॅनेजर चहा पीत बसले होते त्या टेबलापाशी बंपर टेकवून थांबला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मॅनेजरांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "मोजून झालं का?" लोक अजून हसतात ह्या गोष्टीवर. मास्तर कधी हसले नाहीत. आठ दिवस त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि नवव्या दिवसापासून त्यांनी पट्टा ताणायच्या रॅचेटच्या दांड्यावर हातभर लांब लोखंडी पाइप चढवायला सुरुवात केली. दांडा ओढला की एकेक दात कट्‌कन पुढे सरके. बारा दात. ट्रकचं मागचं अंग खाली बसेपर्यंत. ह्या कामाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, आणि वहीत प्रत्येक गाडीपुढे न चुकता लिहीत: पट्टा, बारा दात.

डेपोचा नियम सरळ होता. डोंगरावरच्या खाणीची चढाची लाईन करायची, तर गाडीची ताकद चाकावर निदान एकशे ऐंशी घोडे हवी. एक कमी, तरी गाडी खाली. खाली म्हणजे आवारात. टाकी बसवून धुळीवर पाणी मारायला, नाहीतर बंद पडलेल्या गाड्या ओढायला. आणि गाडीबरोबर तिचा ड्रायव्हरही खाली, कारण चढाला दुसरी गाडी शिल्लक नसे.

फाटकवाला असाच खाली आलेला. चार वर्षांपूर्वी तो चढावरचा पटाईत ड्रायव्हर होता आणि मास्तरांच्या डब्यातलं न विचारता खाणारा एकमेव माणूस. "अरे मास्तर, तुझ्या मशीनला चष्मा लाव," म्हणायचा. मग त्याची गाडी रोलरवर चढली आणि आली एकशे सत्त्याहत्तर पूर्णांक एक. गाडीवर पाण्याची टाकी बसली. पाणी मारायचं काम तासाभराचं. उरलेला दिवस त्याला फाटकावर खुर्ची दिली. त्या दिवसापासून त्याने मास्तरांचा डबा सोडला आणि "तू" सुद्धा सोडलं. रोज सकाळी मास्तर आले की तो उठून उभा राही, वही उघडी आणि मोठ्याने म्हणत लिही, "या साहेब. आठ वाजून तीन मिनिटं. साहेबांना अंदाजे चालत नाही." मास्तर मान खाली घालून आत जात. मशीनने सांगितलं ते लिहिलं, ह्यात आपला काय दोष, असं ते मनाशी म्हणत. पण रोज म्हणावं लागे.

आणि आता रोलरवर चढायची पाळी व्याह्यांच्या गाडीची होती.

व्याही सव्वीस वर्षं चढावर होते. निवृत्तीला एकोणीस महिने उरलेले. माणूस गडगडाटी, खालच्या वळणावर हॉर्न वाजवला की खाणीतले लोक चहा टाकत. "एकोणीस महिने मला वर चढू दे," ते गाडीच्या दाराला थापटून म्हणत, "मग तुला आणि मला एकदमच उतरवतील." फाटकाशेजारी दुसरी खुर्ची ठेवायला जागा आहे हे त्यांनी पाहून ठेवलं होतं, आणि त्या जागेकडे ते बघत नसत.

शनिवारी सकाळी ते गाडी धुऊन, पुसून घेऊन आले. गिअरबॉक्सचं तेल नवं. मागच्या अ‍ॅक्सलची बेअरिंगं नवी. स्वतःचा शर्टही नवा. मास्तरांनी नमस्कार केला, चहा विचारला, आणि पाइप घेऊन बारा दात ताणले.

तीन वेळा पळवली गाडी. शेड दणाणली, मोठा पंखा घोंघावला, आणि तिसऱ्या वेळी मास्तर पडद्याच्या आणखी जवळ गेले.

"काय म्हणतंय मशीन, व्याहीबुवा?"

"एकशे शहात्तर पूर्णांक दोन."

"चष्मा पुसा."

मास्तरांनी चष्मा पुसला. "एकशे शहात्तर पूर्णांक दोन."

व्याही खाली उतरले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "अहो, चार घोडे. फक्त चार! लग्नात तुमच्याकडची माणसं ठरल्यापेक्षा चाळीस जास्त आली. मी मोजली का?"

"मोजायला हवी होती," मास्तर म्हणाले. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं.

मग व्याह्यांचा आवाज परत मोठा झाला. "मग मोजा! मध्ये कुणी खाल्ले तेही मोजा! माझं इंजिन ठणठणीत आहे."

ते मोजायची रीत होती. गाडी वेगात आली की क्लच दाबून तिला मोकळी सोडायची. इंजिनने हात काढून घेतला की चाकं आणि रोलर आपापले मंदावत जातात. जितके लवकर मंदावतील तितकं मधल्या मंडळींनी जास्त खाल्लं. मास्तरांनी गाडी मोकळी सोडायला लावली. मध्ये गेलेले घोडे आले एक्कावन्न पूर्णांक नऊ. बेरीज दोनशे अठ्ठावीस पूर्णांक एक.

"इंजिन उत्तम आहे," मास्तर म्हणाले. "मध्ये फार जातंय."

"कुठे जातंय? नवं तेल, नवी बेअरिंगं!" व्याही नव्या शर्टानिशी गाडीखाली शिरले. ताकद वाया जाते ती उष्णता होऊन जाते, एवढं त्यांना सव्वीस वर्षांत तळहाताने कळलेलं होतं. गिअरबॉक्सला हात लावला; कोमट. अ‍ॅक्सलला हात लावला, कोमट. मागच्या टायरला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "हे बघा! हात ठेवून बघा इथे! अख्खा चढ चढून आलो तरी माझा टायर एवढा तापत नाही. तुमच्याकडे उभ्या उभ्या कसा तापला?"

"रोलर गोल असतो, रस्ता सपाट. थोडा तापायचाच," मास्तर म्हणाले. त्यांच्याकडे सगळ्याला उत्तर असे. त्यांनी आकडा वहीत लिहिला. सोमवारी सकाळी दहाला ती वही मॅनेजरांपुढे जायची होती.

घरी बातमी त्यांच्या आधी पोचली होती. विहीणबाईंचा फोन येऊन गेला होता, मुलीचाही. मास्तरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. जेवताना म्हणाल्या, "भात किती वाढू? पूर्णांकात सांगा." रात्रभर त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मास्तरांना वाटलं, चार घोडे लिहिले असते तर काय बिघडलं असतं? मग वाटलं, मग फाटकावरच्या माणसाला तीन का नाही लिहिले?

रविवारी दुपारचा चहा बिनसाखरेचा आला.

"साखर संपली?"

"बरणीभर आहे. मोजून घ्या हवी तर." मास्तरीणबाईंनी साखरेची प्लॅस्टिकची बरणी त्यांच्यापुढे आदळली. "काल तुम्ही झाकण लावलंय. फडकं लावून बघितलं, ठोकून बघितलं. भरलेली आहे ना? पण माझ्या कपात किती आली? लोकांना हौद आणि झाड सांगत फिरता! इथे घोडं पेंड खातंय ते तुमच्याच हातापाशी!"

मास्तरांनी बरणी ओढून घेतली. बरणी टेबलावर टेकवून, वरून सगळा भार देऊन ते झाकण पिळू लागले. झाकण हललं नाही. बरणी मात्र खाली दबली आणि तिचं पोट दोन्ही बाजूंनी बाहेर आलं. त्यांनी हात सैल केला. पोट आत गेलं. परत दाबलं. परत बाहेर.

असं पोट त्यांनी पाहिलेलं होतं. कालच पाहिलं होतं. बारा दात ताणले की मागच्या टायरचं पोट असंच बाहेर येई, आणि गाडी नीट बसली ह्याची खूण म्हणून मास्तर ते अकरा वर्षं समाधानाने बघत आले होते.

"अहो, कुठे निघालात? चहा?"

"राहू दे," मास्तर म्हणाले, आणि चपला घालून निघाले. बरणी त्यांच्या काखेतच राहिली होती. ती परत द्यायला त्यांना फाटकापासून घरी यावं लागलं आणि पुन्हा जावं लागलं.

"या साहेब," फाटकवाला उठून म्हणाला. "रविवारी? तीन वाजून बारा मिनिटं. मघाशी आला होतात तेव्हा दोन वाजून एकोणपन्नास. बरणी लिहू का?"

मशीनबरोबर आलेलं पुस्तक मास्तरांच्या खोलीतच होतं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली. मास्तरांनी गुडघ्यावर बसून ते ओढून काढलं, टेबल कलंडलं, पेन घरंगळत गेलं, आणि सतराव्या पानावर, जिथे टेबलाच्या पायाचा चौकोनी ठसा उमटला होता, तिथेच लिहिलेलं होतं: पट्टा गाडी सरकू नये इतकाच ताणावा, सहा दातांपेक्षा जास्त नको. गाडी खाली ओढू नये. टायर रोलरवर दाबला गेल्यास ताकद टायरमध्येच खर्च होते आणि चाकावरचा आकडा कमी येतो.

मास्तर तिथेच जमिनीवर बसले. अकरा वर्षं त्यांनी लोकांना खाणाऱ्यांची यादी ऐकवली होती. गिअरबॉक्स खातो, सांधे खातात, अ‍ॅक्सल खातो. यादीत शेवटचा खाणारा राहून गेला होता, आणि तो पाइप घेऊन गाडीच्या मागे उभा असायचा. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, म्हणतात, ते काय उगाच?

त्यांनी वह्या काढल्या. एकशे ऐंशीच्या जरा खाली राहून खाली आलेल्या गाड्या नऊ. सात भंगारात गेलेल्या. त्यांचे ड्रायव्हर कोण गावी गेले, कोण दुसरीकडे. आठवी व्याह्यांची. नववी बाहेर आवारात पाण्याची टाकी पाठीवर घेऊन उभी, आणि तिचा माणूस शंभर पावलांवर खुर्चीत. मास्तरांना फार लाज वाटली. इतकी, की त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं, आणि तेही नेहमीसारखं इतकं घट्ट, की मग उघडताना खांदा लावावा लागला.

खरं म्हणजे वाट सोपी होती. सोमवारी व्याह्यांची गाडी परत चढवायची, सहा दात द्यायचे, आकडा वर येईल, बायको नीट बोलेल, विहीणबाई नीट बोलतील. पट्टा किती ताणला हे कोण विचारतंय? पण मोजलं ते गिळायचं नाही असं म्हणणारा माणूस दुसरा कुणी नव्हता, ते स्वतःच होते. मास्तर पुस्तक घेऊन फाटकापाशी गेले.

"उद्या सकाळी नऊला शेडमध्ये या. व्याह्यांची गाडी परत मोजायचीय. पट्टा तुम्ही ताणायचा."

फाटकवाला हसला. "घरची गाडी ना! साक्षीदार हवा असेल."

"हो," मास्तर म्हणाले. "आणि आणखी एक आहे. ते उद्या."

"घोडामैदान जवळच आहे," फाटकवाला म्हणाला आणि वहीत त्यांची जायची वेळ लिहिली.

सोमवारी शेडमध्ये निम्मा डेपो जमला. व्याह्याने व्याह्याला परत मोजायला बोलावलं म्हणजे काहीतरी शिजतंय, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. मॅनेजर कप घेऊन आले आणि भिंतीला न टेकता, गाडीच्या बाजूला उभे राहिले. अकरा वर्षांत ते कुठल्याही गाडीच्या समोर उभे राहिले नव्हते. मास्तरांनी सगळ्यांदेखत फाटकवाल्याला नुसता दांडा दिला. पाइप नाही.

"सहा दात. मोठ्याने मोजा."

कट्, कट्. सहा. टायर जसाच्या तसा. मास्तरांनी आधी गाडी सावकाश फिरवायला लावली, स्वतः पट्ट्याशेजारी उभं राहून. कॅन्टीनची भिंत त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती. गाडी तसूभर हलली नाही. मग वेग. पंखा. दणदणाट.

एकशे चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा.

क्लच दाबून मोकळी सोडली. मध्ये गेलेले त्रेचाळीस पूर्णांक चार. बेरीज दोनशे अठ्ठावीस. इंजिन शनिवारी कमावत होतं तेवढंच आजही कमावत होतं. मधला एक खाणारा तेवढा उठला होता.

व्याह्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढेचनात. मग उडी मारून उतरले, टायरला तळहात लावला, ठेवला, ठेवूनच राहिले. "कोमट!" ते ओरडले. "अहो, कोमट!" आणि मास्तरांना त्यांनी अशी मिठी मारली की मास्तरांचा चष्मा गेला. "घट्ट काय असतं ते आता कळलं का?"

सगळे हसत होते. एक फाटकवाला हसत नव्हता. तो अजून पट्ट्यापाशीच उभा होता, दांडा हातात.

"म्हणजे पट्ट्याने आठ घोडे खाल्ले," तो म्हणाला.

"पट्ट्याने नाही," मास्तर म्हणाले. "मी."

"माझ्या गाडीला किती दात दिले होते?"

वही बघायची गरज नव्हती. तरी मास्तरांनी चार वर्षांपूर्वीची वही उघडली, पान काढलं आणि त्याच्या हातात दिलं. वाचता यावं म्हणून बोट ठेवलं. पट्टा, बारा दात.

व्याह्यांनी मास्तरांच्या खांद्यावरचा हात खाली घेतला.

"टाकीतलं पाणी सोडून गाडी घेऊन या," मास्तर म्हणाले. "आत्ता मोजतो."

फाटकवाल्याने गाडी आणली. चढाची ती गाडी आता ओळखू येत नव्हती. पाठीवर गंजकी टाकी, अंगावर चार वर्षांची धूळ, एका बाजूला नळाचं तोटीसारखं नाक. टाकी रिकामी होईपर्यंत सगळे थांबले. सहा दात त्याने स्वतःच ताणले. स्वतःच चालवायला बसला. किती वर्षांनी ह्या इंजिनला कुणी पूर्ण पळवत होतं. आधी ते खोकलं, काळा धूर सोडला, मग गळा साफ झाल्यासारखं गरजलं.

मास्तर पडद्याकडे बघत राहिले. बाकीचे मास्तरांकडे.

एकशे एकोणऐंशी पूर्णांक तीन.

परत पळवली. एकशे एकोणऐंशी पूर्णांक तीन.

मॅनेजर हळूच म्हणाले, "मास्तर, ऐंशीच झाले की." व्याही म्हणाले, "अहो, पूर्णांक सात तर फक्त. हाताचा मळ!" मास्तरांनी पेन उचललं. त्या पेनने एवढा एक आकडा खोटा लिहिला असता तर तिथे उभ्या असलेल्यांपैकी एकानेही त्यांना नावं ठेवली नसती. त्यांनी लिहिलं: एकशे एकोणऐंशी पूर्णांक तीन. पट्टा, सहा दात.

मग त्यांनी वही मिटली नाही. त्याच ओळीपुढे ते काहीतरी लिहू लागले, आणि लिहिताना मोठ्याने बोलू लागले, फाटकवाला रोज सकाळी लिहितो तसं.

"ही गाडी चार वर्षांपूर्वी पास होती. चूक मोजणाऱ्याची."

फाटकवाला गाडीतून उतरला. "चार वर्षांपूर्वीचं आज कसं मोजलं?"

"नाही मोजलं."

"मग लिहिलं कसं? अंदाजे?"

"अंदाजे," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून डेपोत कुणी ऐकला नव्हता. "पण खरं आहे. तुझी गाडी चांगली होती. तू सांगत होतास. मी ऐकलं नाही. तुझ्या घरी येऊन सांगायला सांगितलंस तर तिथेही सांगतो."

फाटकवाल्याने वही ओढून घेतली आणि ती ओळ बोट ठेवून वाचली. मग त्याने वही मास्तरांच्या हातात परत दिली, गाडीपाशी गेला, बॉनेट उघडलं आणि आतून हवेचा फिल्टर ओढून काढला. तो रोलरच्या लोखंडी कडेवर आपटला मात्र, चार वर्षं आवारात पाणी मारता मारता खाल्लेली सगळी धूळ एकदम बाहेर आली. मॅनेजरांच्या कपात गेली, व्याह्यांच्या दुसऱ्या नव्या शर्टावर गेली, मास्तरांच्या नाकातोंडात गेली. सगळे खोकत बाहेर पळाले. मास्तर तेवढे उभे राहिले, डोळ्यांतून पाणी काढत. धुळीमुळे आलंय असं म्हणायची सोय होती.

"वरातीमागून का होईना, मास्तर, घोडं आणलंस," फाटकवाला म्हणाला. त्याने फिल्टर आणखी एकदा आपटला. "उरलेला पाऊण घोडा इथे अडकलाय. उद्या सकाळी परत मोज. पट्टा मी ताणणार, तू हात लावायचा नाहीस."

"नाही लावत."

"आणि डबा आण. जास्तीचा."

"आणतो," मास्तर म्हणाले. "झाकण बायकोला लावायला सांगतो."